तंबाखूचा वाफसा

सांगलीचा एप्रिल म्हणजे नुसता मार. ऊन पडतं असं आम्ही म्हणतच नाही, ऊन मारतं म्हणतो. लाकडी खुर्चीचे सांधे कुरकुरायला लागतात, टाचा फुटतात, ओठ फुटतात आणि माणसं तर बोलायच्या आधीच फुटतात. परवा आमच्या गल्लीत गाडी कुठं लावायची यावरून दोन शिकल्यासवरल्या माणसांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. एकाचा चष्मा रस्त्यावर पडला आणि दुसऱ्यानं त्यावर मुद्दाम पाय दिला. मी गॅलरीतून बघत होते. मनात आलं, यांच्या हातात आत्ता कुणीतरी ओल्या तंबाखूचा पाईप द्यायला पाहिजे. हे मी खाली ओरडून सांगितलं असतं तर मलाच धरून घरात कोंडलं असतं. म्हणून इथं नीट सांगते.

माझे वडील, आबा, हल्ली माझ्याकडेच असतात. आई गेल्यावर गावाकडं एकटे राहीनात म्हणून मी त्यांना सांगलीला घेऊन आले. मी एकुलती एक, त्यामुळं कुणी न्यायचं यावर चर्चा नव्हती. सैन्यातून सुभेदार होऊन आलेला हा माणूस आता भिंत धरून संडासला जातो. त्यांचा पाईप डॉक्टरांनी कधीच बंद केला. पण तंबाखूचा पत्र्याचा एक डबा ते उशाशी ठेवतात आणि दिवसातून एकदा झाकण उघडून वास घेतात. दर उन्हाळ्यात ती तंबाखू वाळून कोळ होते. वास जातो. मग आबा डबा कानाशी हलवून बघतात आणि मला हाक मारतात.

"शालन, वाफसा गेला बघ हिचा."

वाफसा हा शब्द शेताचा. पाऊस होऊन गेला की जमीन आधी चिखल असते, मग हळूहळू वाळते आणि मधे केव्हातरी अशी एक वेळ येते की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला तर सुटतो. त्याला वाफसा म्हणतात. तेवढ्यात पेरायचं. तंबाखूला हा शब्द लावणारी बाई माझी आई. आबांच्या फौजेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या दोस्तांनाही तो शब्द आवडायचा. त्यांच्या कौतुकावर आई हसायची नाही. तिच्यासाठी ती गंमत नव्हती.

आबांना पाईपची सवय त्यांच्या मेजरसाहेबांनी लावली. साहेब चहाच्या मळ्यांकडचा कुठला तरी होता म्हणे. त्यानं पाईपबरोबर एक शिस्तही दिली. पाईप हे बसायचं काम आहे. पेटला की उठायचं नाही, अर्धा टाकायचा नाही, कुणावर ओरडायचं नाही. संपला की पायरीवर उलटा आपटून राख काढायची आणि मग उठायचं. आबांनी फौजेतून आणलेल्या बाकीच्या शिस्ती आमच्यावर चालवल्या, ही एकच स्वतःवर चालवली. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव, पाटाच्या पाण्यावरचा ऊस, सोप्यात खुंटीला दुनळी बंदूक आणि सोप्याच्या पायरीवर आबा. धूर निघत असेपर्यंत घर आमचं असायचं. आई मोठ्यानं भांडी घासायची, मी रेडिओ लावायची, शेजारची काकी परड्यातून येऊन उसनंपासनं घेऊन जायची. मग पायरीवर टक टक वाजायचं आणि सगळ्यांचे हात थांबायचे.

थांबायचे कारण आबा मारायचे. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ताटात केस निघाला, ताट भिंतीवर. चहा निवला, कप अंगणात. मला एकदा फौजी पट्ट्यानं मारलं होतं, का ते आता आठवत नाही आणि त्यांनाही आठवत नसेल. आईला किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही. गावात म्हणायचे, सुभेदार लय कडक माणूस. कडक! दुसऱ्याच्या घरातला मार लोकांना कडकपणा वाटतो. आमच्याकडं तो उन्हाळ्यात जास्त पडायचा आणि त्याचं कारण आईनं फार उशिरा शोधून काढलं.

कारण होतं तंबाखू. पुण्याच्या कॅम्पातून आबांचा एक दोस्त दिवाळीला डबे आणून द्यायचा. थंडीत तंबाखू छान मऊ असायची, दबकत जळायची, आबा तासभर पायरीवर. चैत्र लागला की डब्यात नुसता भुगा. वाळलेली तंबाखू भरभर जळते, धूर कढत येतो, जीभ पोळते. पाईप पाच-सात मिनिटांत खलास आणि माणूस आधीपेक्षा तापलेला. टक टक लवकर वाजायला लागायचं. आईनं हे बघितलं, मनात ताडलं आणि एका चैत्रात तिनं त्यावर उपाय करायचं ठरवलं.

तिची पहिली चूक उसाच्या मुलखातल्या बाईनं करावी अशीच होती. त्या तंबाखूला गोडसर वास असायचा, मनुका घातलेल्या शिऱ्यासारखा. आईला वाटलं, ज्याला गोड वास येतो ते गोडातच मुरवलेलं असणार. गुऱ्हाळावरची काकवी घरात होतीच. तिनं काकवीत पाणी घालून ते तंबाखूवर शिंपडलं, हातानं वरखाली केलं आणि झाकण लावलं. सकाळी आबांनी डबा उघडला तर आत तांबड्या मुंग्या बुजबुजलेल्या. त्यांच्या मनगटापर्यंत चढल्या. त्यांनी डबा तसाच फेकला आणि त्याची कड आईच्या डाव्या भुवईवर बसली. मी तिथंच होते. रक्त डोळ्यात जाऊन आईला दिसेना आणि ती आंधळ्यासारखी चाचपडत मुंग्या झटकत होती, आधी त्यांच्या हातावरच्या, मग स्वतःच्या. भुवई मधोमध तुटली ती शेवटपर्यंत जुळली नाही. आई सरणावर होती तेव्हाही मी आधी तिकडंच बघितलं.

दुसरी एखादी असती तर पुन्हा त्या डब्याला हात लावला नसता. आईनं लावला. आबांच्या दोस्तानं सफरचंदाची फोड ठेवायला सांगितलं होतं, पण आमच्या गावात सफरचंद फक्त आजारी माणसाबरोबर यायचं. बटाट्याची चकती ठेवून बघितली, तिला पांढरी बुरशी आली. ती आबांनी बघायच्या आत तिनं काढून टाकली. मग तिनं फुटक्या माठाची खापरी घेतली, पाण्यात बुडवून ठेवली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि डब्यात तंबाखूवर कागद घालून त्यावर ठेवली. जमलं. घाई असेल तेव्हा तंबाखू ताटात पसरायची, वर ओलं फडकं ताणून बांधायचं, फडकं तंबाखूला टेकू द्यायचं नाही. मधूनमधून चिमूट दाबून बघायची. चुरा झाला तर अजून कोरडी, गोळा तसाच राहिला तर जास्त ओली, आणि दाबून सोडल्यावर हळूच उमलली तर वाफसा. मला शिकवताना म्हणायची, तंबाखूला पाणी दाखवायचं, पाजायचं न्हाई.

त्यानंतरचे उन्हाळे जरा बरे गेले. अजिबात मार पडला नाही असं नाही. पण पाईप पुन्हा तासभर चालायला लागला आणि त्या तासात अनेक गोष्टी विझून जायच्या. मी साताऱ्याला कॉलेजात शिकत होते. सुट्टीला घरी आले की आईच्या बोटांना त्या तंबाखूचा वास यायचा. मला त्या वासाचा राग यायचा. एका माणसानं तापायचं आणि दुसऱ्यानं जन्मभर ओल राखत बसायचं, हा कुठला संसार, असं मी एकदा तिला तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, तू इथनं सुटंपर्यंत चाललं पायजे.

मग तो उन्हाळा आला. पाटाला पाणी कमी सुटलेलं, ऊस उभ्याउभ्या करपत होता आणि गावात रोज कुणाच्या तरी बांधावर आरडाओरडा. आबांचा धाकटा भाऊ, आमचा तात्या, म्हणजे काकीचा नवरा, शेजारीच राहायचा. परड्यातली भिंत एक, शेतातला बांध एक. पाटाच्या पाण्याच्या आमच्या पाळीच्या दिवशी तात्यानं चारी फोडून पाणी आपल्या खोडव्याच्या उसाला घेतलं. आबा गेले. बोलाचाली झाली असेल, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की आबांनी खोऱ्याचा दांडा त्याच्या हातावर घातला आणि उजवा हात कोपराखाली मोडला. तात्याला उचलून आणलं तेव्हा हात नको तिथं वळला होता आणि तो आईच्या नावानं ओरडत होता, म्हणजे त्या दोघांच्या आईच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आमच्या गोठ्यात आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, डाव्या हातात ऊस तोडायचा कोयता. आबा शेतात होते. आईनं आणि मी सोप्यातून बघितलं. आमची म्हैस गाभण होती. ती तात्याला ओळखत होती, त्यानं कितीदा तरी तिची धार काढली होती, त्यामुळं तिनं त्याच्याकडं मान वळवली. त्यानं तिच्या मागच्या पायाच्या शिरेवर घाव घातला. डाव्या हाताचा घाव नीट बसला नाही म्हणून परत घातला. म्हैस मागच्या मागं बसली आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आजवर कुणाला करून दाखवू शकलेले नाही. तात्या शिव्या देत होता आणि रडत होता. आई पुढं झाली तसा तो तिच्याकडं न बघता निघून गेला. कोयता गोठ्यातच पडला.

आबा आले. गोठ्यात गेले, बाहेर आले, हातपाय धुतले. एक शब्द नाही. त्यांना बोलताना, ओरडताना, फेकताना मी शेकडो वेळा बघितलं होतं, असं गप्प कधीच बघितलं नव्हतं. रहिमतपूरहून जनावरांच्या डॉक्टरला आणायला गडी पाठवला. मग खुंटीवरची दुनळी काढली, बिजागरीवर वाकवून नळ्यांतून उजेड बघितला, दोन काडतुसं घातली आणि ती आडवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. तात्याचं दार शेजारीच, पायरीवरून दिसेल असं होतं आणि उघडं होतं.

"पाईप आण," ते आईला म्हणाले. "एवढा संपला की जातो."

फौजेत असताना कामगिरीवर जाण्याआधी ते असंच करायचे, हे त्यांनीच आम्हाला कितीदा सांगितलं होतं. म्हणजे ही कामगिरी होती. मी आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले, म्हटलं हिला धरायला लागेल. आईनं डबा उघडला. तंबाखू अगदी वाफशावर होती, तिनं कालच खापरी बदलली होती. तिनं चिमूट दाबून बघितली, सवयीनं. मग ती ताटलीत काढली, पाण्याच्या कळशीत हात घातला आणि भाकरीचं पीठ मळावं तशी ती तंबाखू मळली. पाजलं तिनं पाणी. वरून कोरड्या तंबाखूचा एक पातळ थर दाबला, म्हणजे पहिली काडी धरेल. तिचे हात स्थिर होते.

"मागनं जा," ती मला हळूच म्हणाली. "काकीला सांग, तात्याला घिऊन म्हायेराला जा म्हणावं. आत्ता."

मी परड्याची भिंत चढून गेले. काकी चुलीपुढं होती. तिला सगळं सांगायला मला धड शब्द सुचेनात. बंदूक म्हटलं, काडतुसं म्हटलं. तिनं एकच विचारलं.

"पाईप पेटलाय का?"

"पेटला तरी विझत राहील," मी म्हणाले. "आईनं तंबाखू भिजवलीय."

काकी चुलीपुढून उठली. तिला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरात काय चालतं ते त्या भिंतीपलीकडं इतकी वर्षं ऐकू जात होतं, टक टकसकट. तात्या मात्र ऐकेना. येऊ दे त्याला, मीबी मर्द हाय, असं काहीबाही बडबडत होता. काकीनं त्याच्या मोडक्या हाताला धरलं आणि ओढलं. तो कळवळला आणि गप तिच्यामागं निघाला. मागच्या पांदीत दुधाचा टेम्पो उभा होता. काकीनं त्याला कॅनांच्या मधे कोंबलं, स्वतः चढली, आणि ती दोघं इस्लामपूरला तिच्या माहेरच्या वाटेला लागली. काकीनं जाताना पुढच्या दाराला कडी घालायला मला सांगितलं. मी आतून ती घातली आणि परत भिंतीवरून आले.

पायरीवर आबा काड्या ओढत होते. एक ओढायची, लाल ठिणगी धरायची, गाल आत जायचे, नळीत चुळचुळ वाजायचं आणि धूर मरायचा. परत काडी. त्यांच्या पायाशी जळक्या काड्यांचा ढीग झाला. काडेपेटी संपली. त्यांनी आईकडं न बघता रिकामी पेटी मागं धरली आणि आईनं दुसरी दिली. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. गोठ्यात म्हैस कण्हत होती. आई दारात उभी, मी तिच्यामागं, आणि शेजारी तात्याचं दार बंद झालेलं आबांनी बघितलं असणारच. ते बसून राहिले.

मग टक टक वाजलं.

आबा उठले. बंदूक घेऊन तात्याच्या दारापर्यंत गेले, दार ढकललं, कडी आतून लागलेली. आत कुणी नाही हे दार ढकलणाऱ्या हाताला कळतं. ते तिथं थोडा वेळ थांबले आणि मागं फिरले. डॉक्टर तोवर गोठ्यात आला होता. शीर तुटली, ती आता उभी राहायची नाही, असं त्यानं सांगितलं. आबांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि म्हशीच्या कपाळावर नळी टेकवली. दोन्ही बार काढले. गल्लीतल्या बायकांनी तात्या मेला म्हणून टाहो फोडला. त्या आवाजात आई पायरीवर बसली आणि जळक्या काड्या गोळा करायला लागली. पोटातलं रेडकूही गेलं.

तात्या पुढं म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून, आपल्या खाटेवर मेला. दोघा भावांत बोलणं कधी झालं नाही, पण आबांनी त्याला खांदा दिला. मी तेव्हा आईकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता. एका माणसाचं आयुष्य आणि दुसऱ्याची फाशी तिनं कळशीतल्या पाण्यानं वाचवली होती आणि हे तिला, मला आणि काकीला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

यंदा आबांनी डबा दिला तेव्हा मी खापरीच्या भानगडीत पडले नाही. सांगलीत फुटका माठ कुठं शोधणार? तंबाखू ताटात पसरली, वर ओलं फडकं ताणून बांधलं आणि ताट त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं. बाहेर झळा मारत होत्या, वीज गेलेली, दोघंही घामानं भिजलेलो. गल्लीतल्या चष्म्याची गोष्ट मी त्यांना सांगितली आणि त्या ओघात तोंडातून निघून गेलं. आता आई नाही, तात्या नाही, कुणाचं काय बिघडणार आहे, असं वाटलं असेल मला. मी म्हणाले, आबा, त्या दिवशी आईनं तंबाखू मुद्दाम भिजवली होती.

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

मी फडक्याचा कोपरा नीट करत होते, तो हातात तसाच राहिला.

"पैल्याच काडीला कळलं. नळीत पाणी वाजत हुतं. इतकी वर्सं पाईप वडल्यावर कळत न्हाई व्हय?" ते छताकडं बघत होते. "तिनं बसवलं, म्या बसलो. काड्या वडत ऱ्हायलो. तात्या गेल्यालाबी कळला. मला तरी कुठं त्याला मारायचं हुतं, शालन. भाऊ हुता त्यो माझा."

खरं सांगते, आधी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, म्हणजे आई एकटी नव्हती त्या दुपारी. दोघांनी मिळून तात्याला वाचवलं, एकानं तंबाखू भिजवून आणि एकानं भिजलेली ओढून, आणि एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. सिनेमात असतं तर मी त्यांचा हात हातात घेतला असता. घेणारच होते. पण हात पुढं करताकरता मला ती भुवई दिसली.

"म्हणजे तुम्हाला बसता येत होतं," मी म्हणाले.

त्यांनी छतावरची नजर माझ्याकडं वळवली.

"भाऊ होता म्हणून बसलात. हातात काडतुसं घातलेली बंदूक, गोठ्यात म्हैस तडफडतेय, तरी बसलात. आईच्या वेळी काय झालं होतं? नुसत्या मुंग्या तर होत्या, आबा."

माझा आवाज चढला नव्हता. इतकी वर्षं मी समजत आले की माझा बाप म्हणजे उन्हाळा, त्याचा त्याच्या हातावर ताबा नाही, त्याला कुणीतरी ओल दिली तरच तो थंड होतो. आईनंही तेच समजून जन्म काढला. पट्टा, ताट, कप, डबा, सगळं आम्ही तंबाखूवर घातलं, उन्हावर घातलं, फौजेवर घातलं. आणि हा माणूस नळीत पाणी वाजत असताना, पहिल्या काडीपासून सगळं कळत असताना, स्वतःच्या मर्जीनं बसून राहू शकत होता.

आबांचा हात चादरीवरून उठला. त्यांच्या स्वतःच्या डाव्या भुवईवर जाऊन टेकला. तो तिथंच राहिला. मी स्टुलाशेजारी बसून होते. वीज आली नाही. बाहेर कुणाची तरी गाडी कुणीतरी परत चुकीच्या जागी लावली असावी, खालून शिव्या ऐकू येत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवून ताटाकडं बघितलं.

"शालन," ते म्हणाले, "फडकं वाळलं गं."

"वाळू द्या," मी म्हणाले.